७२९ माणसांची काउंटी : नेवाडातलं एस्मेराल्डा

कोरडवाहू

लास वेगासहून रेनोला यूएस ९५ ने गेलेले इथे बरेच असतील. त्या रस्त्यावर अर्ध्याच्या थोडं अलीकडे गोल्डफील्ड नावाचं गाव लागतं, बहुतेक लोक तिथे स्पीड कमी करतात (करावाच लागतो, शेरीफ टपून असतो), एक भलीमोठी चार मजली बंद हॉटेलची बिल्डिंग बघतात, "अरे हे इथे कशाला बांधलं असेल" म्हणतात आणि पुढे जातात. तर ते इथे कशाला बांधलं त्याचा हा धागा.

गोल्डफील्ड हे एस्मेराल्डा काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य ठिकाण. काउंटीचं क्षेत्रफळ साधारण ९,३०० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत माणसं ७२९. सातशे एकोणतीस, हजार लाख काही राहिलेलं नाही. म्हणजे माणशी साडेबारा चौरस किलोमीटरच्या वर जागा. अलास्का सोडलं तर अमेरिकेतल्या सगळ्यात विरळ काउंट्यांमध्ये हिचा नंबर लागतो. आणि ही सातशे माणसंसुद्धा पसरलेली नाहीत, बहुतेक सगळी तीन गावांत आहेत: गोल्डफील्ड, सिल्व्हर पीक आणि पश्चिमेला फिश लेक व्हॅलीतलं डायर. २०१० ला काउंटीत ७८३ लोक होते त्यातले ६३४ या तिघांतच. बाकी सगळं मोकळं.

आता मोकळं का, तर पहिलं कारण भूगोल. पश्चिमेला सिएरा नेवाडाची रांग, तिच्या अलीकडे व्हाईट माउंटन्स, पॅसिफिककडून येणारे ढग तिथेच रिकामे होतात, म्हणजे शाळेत शिकलेला पर्जन्यछायेचा प्रदेश, फक्त आपल्या माण-खटावपेक्षा कितीतरी पटीने कोरडा. उत्तर-दक्षिण डोंगररांग, मग सपाट खोरं, मग परत डोंगररांग असं चालू राहतं. पाऊस पडला तरी पाणी समुद्राला जात नाही, खोऱ्याच्या तळाशी साचतं, वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. गंमत म्हणजे नेवाडातलं सर्वात उंच शिखर बाउंड्री पीक याच काउंटीत आहे, ४,००० मीटरच्या आसपास, कॅलिफोर्नियाच्या सीमेला अगदी चिकटून. दक्षिणेकडे जोशुआ ट्री दिसतात, उत्तरेकडे गेलं की ती संपून नुसती खुरटी झुडपं, मोहावी वाळवंट संपून ग्रेट बेसिन सुरू होतं ते इथेच कुठेतरी.

दुसरं कारण जमीन. ९५ टक्क्यांहून जास्त जमीन फेडरल सरकारची आहे. तुम्हाला हौस आली की चला इथे प्लॉट घेऊन राहू, तरी विकत मिळण्यासारखी जागा फार थोडी.

पण हे सगळं १९०७ मध्येही असंच होतं, तरी तेव्हा एकट्या गोल्डफील्डमध्ये २० हजारांच्या आसपास लोक होते, नेवाडातलं सगळ्यात मोठं शहर. म्हणजे भूगोल हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं खाली लिहितो, आधी जेवून येतो.

बे_एरियातली_सून

वाचतेय. आम्ही दरवेळी तिथून जाताना त्या हॉटेलचे फोटो काढतो, भुताटकी आहे म्हणतात ना तिथे?

कोरडवाहू

@सून, भुतांवर टीव्हीवाल्यांनी भरपूर कमावलंय, मी माणसांवरच राहतो.

१९०० मध्ये शेजारच्या टोनोपाला चांदी सापडली. ते "नाय" (Nye) नावाच्या काउंटीत. तिथून पुढच्या जागा शोधत निघालेल्या हॅरी स्टिम्लर आणि विल्यम मार्श या दोघांनी डिसेंबर १९०२ मध्ये आत्ताच्या गोल्डफील्डपाशी हक्क नोंदवले. जागेचं पहिलं नाव "ग्रँडपा", म्हणजे आजोबा! १९०३ मध्ये गोल्डफील्ड झालं. स्टिम्लर स्वतः अर्धा शोशोनी होता आणि सोन्याच्या दगडाची खबरही टॉम फिशरमन नावाच्या शोशोनी माणसाकडून आली असं सांगतात. हे मुद्दाम लिहितो कारण अशा इतिहासात गोऱ्या माणसाने गाढव हाकताना सोनं पाहिलं एवढंच येतं. शोशोनी आणि पायूट लोक इथे आधीपासून होतेच, डोंगरातल्या पिन्यॉन पाइनचे खायचे दाणे, झरे, शिकार यावर ऋतूप्रमाणे फिरणारे.

मग पाच वर्षांत जो काही धिंगाणा झाला. १९०५ मध्ये रेल्वे आली, नंतर अजून दोन कंपन्यांच्या रेल्वे. १९०७ मध्ये दगडी कोर्टहाऊस, तेच अजून वापरात आहे. १९०८ मध्ये ते हॉटेल उघडलं, लिफ्ट, खोल्यांत टेलिफोन, वाळवंटात! व्हर्जिल अर्प, तो ॲरिझोनातल्या टूमस्टोनच्या गाजलेल्या गोळीबारातला मार्शल, इथे डेप्युटी शेरीफ झाला आणि १९०५ मध्ये न्यूमोनियाने इथेच वारला. ३ सप्टेंबर १९०६ ला जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची लाइटवेट जगज्जेतेपदाची बॉक्सिंग मॅच झाली ती ४२ राउंड चालली, बेचाळीस! नेल्सनने कमरेखाली मारलं म्हणून गान्सला विजयी ठरवलं. गान्स कृष्णवर्णीय, जगज्जेता तोच, पण ठरलेल्या पैशातला मोठा वाटा नेल्सनला. मॅच भरवणारा टेक्स रिकर्ड मूळचा सलूनवाला, हेतू एकच की गावाचं नाव पेपरात यावं आणि खाणींचे शेअर खपावेत.

आणि शेअर खपले. इथे खाणीतून जेवढं सोनं निघालं त्याच्या कितीतरी पट कागद विकले गेले असतील असं माझं मत आहे. १९४० पर्यंतचं एकूण उत्पादन ८ कोटी डॉलरच्या वर, पण त्यातला मोठा भाग पहिल्या दहाबारा वर्षांतच.

खनिजबुवा

छान धागा. भर घालतो. गोल्डफील्डचं सोनं जमिनीखाली जवळ होतं आणि काही शिरांमध्ये अतिशय दाट होतं, म्हणजे कामगाराने खिशात दोन दगड घातले तर कित्येक दिवसांचा पगार सुटावा एवढं. त्याला तिथे "हायग्रेडिंग" म्हणत. डब्यात, बुटात, दुहेरी शिवलेल्या शर्टात दगड जायचे, आणि गावात ते विकत घेणारी दुकानंही होती. सुरुवातीला खाणी लीजवर घेणाऱ्यांनी फार लक्ष दिलं नाही कारण त्यांनाही घाई होती. पण १९०६ मध्ये जॉर्ज विंगफिल्ड आणि सिनेटर जॉर्ज निक्सन यांनी बहुतेक चांगल्या खाणी एकत्र करून गोल्डफील्ड कन्सॉलिडेटेड काढली आणि मग कपडे बदलायच्या खोल्या आल्या, झडती आली, भांडण तिथून तापलं.

सांगलीकर_७१

विंगफिल्ड म्हणजे तोच का जो पत्त्याच्या डावावर पैसे कमवून बँकांचा मालक झाला?

खनिजबुवा

तोच. टोनोपात जुगाराच्या टेबलावर सुरुवात, नंतर नेवाडातल्या बँका, हॉटेलं, दोन्ही पक्षांचं राजकारण सगळं हातात. मंदीत १९३२ ला त्याच्या बँका बुडाल्या ती गोष्ट वेगळी.

कोरडवाहू

संपाचं मी लिहितो, कारण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. गोल्डफील्ड हा युनियनचा बालेकिल्ला होता. वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स ही खाणकामगारांची आणि आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) ही सगळ्या कामगारांची संघटना, दोन्ही तिथे, हॉटेलातल्या वेटरपासून सगळे संघटित. १९०७ च्या शेवटी देशभर बँकांत पैशाची चणचण झाली, खाणमालक म्हणाले पगार रोख देणार नाही, कागदी चिठ्ठ्या देऊ. कामगार संपावर. मालकांनी गव्हर्नर स्पार्क्सला गाठलं, गव्हर्नरने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टकडे सैन्य मागितलं, डिसेंबर १९०७ मध्ये सैन्य आलंसुद्धा. सैन्य आल्यावर मालकांनी लगेच पगार कापले आणि युनियनवाल्यांना घेणार नाही म्हणून जाहीर केलं. रूझवेल्टने चौकशीला माणसं पाठवली, त्यांनी अहवाल दिला की सैन्य बोलवावं असा काही दंगा गावात नव्हताच. पण तोवर युनियनची कंबर मोडली होती. १९०८ च्या सुरुवातीला नेवाडाने स्वतःचं राज्य पोलीस दलच उभं केलं, सैन्य परत गेलं.

इथून गावाचा उतार. १९१० ला काउंटीत ९,३६९ लोक, १९२० ला २,४१० (यातली थोडी घट १९११ मध्ये काउंटीचा उत्तरेचा तुकडा तोडला त्यामुळेही). मध्ये १९१३ मध्ये पूर आला (वाळवंटात पूर, होय, आणि जोराचा), १९२३ मध्ये आग लागली तिने पन्नासेक ब्लॉक खाल्ले. हॉटेल, कोर्टहाऊस, हायस्कूलची इमारत वाचली. लोक सांगताना आगीने गाव संपलं असं सांगतात पण आकडे बघा, आग लागायच्या आधीच बहुतेक माणसं गेलेली होती. सोनं संपल्यावर आग लागली, उलटं नाही. १९५० ला ६१४.

हुच्च_भैरव

म्हणजे ६१४ वरून ७२९, वाढच आहे की. अभिनंदन 😀

कोरडवाहू

@भैरव, मध्ये १९९० ला १,३४४ पण झाले होते. सोन्याचे भाव, खाणी सुरू, माणसं आली. २००० ला ९७१. ही वरखाली सगळी खाणीच्या तालावर. इथे जन्म-मृत्यूपेक्षा खाण उघडली का बंद झाली यावर जनगणना ठरते.

रानवाटा

मला एक समजत नाही. ७२९ माणसांसाठी वेगळी काउंटी, वेगळा शेरीफ, वेगळं कोर्ट, कमिशनर, असेसर (मालमत्ता कर आकारणारा)... आपल्याकडे एवढ्याला ग्रामपंचायत असते, तीही गटग्रामपंचायत. शेजारच्या नाय काउंटीत विलीन करून टाका की. करदात्यांचा पैसा वाचेल.

सांगलीकर_७१

+१. आमचा सांगली जिल्हा क्षेत्रफळाने हिच्यापेक्षा जरा लहानच, २०११ ला २८ लाख लोक. आणि जिल्हा मोठा झालाय म्हणून विभाजनाच्या चर्चा!

आजी_ऑनलाईन

रानवाटा, मी नेवाडात बरीच वर्षं राहिलेय म्हणून सांगते. विलीनीकरण तिथे झालेलं आहे, ऑर्म्सबी काउंटी १९६९ मध्ये कार्सन सिटीत विरघळली. पण ती राजधानीच्या शहराशीच जोडली, सोपं होतं. इथे नायमध्ये घातलं तर नाय आधीच अवाढव्य, तिचं लोकसंख्येचं केंद्र पार दक्षिणेला पाहरम्पला, वेगासच्या बाजूला. डायरच्या शेतकऱ्याला टोनोपाला जावं लागतंच, पण निर्णय घेणारे लोक पाहरम्पचे असतील, त्यांना डायर कुठे आहे हे तरी ठाऊक असेल का.

आणि उलटा किस्सा सांगू का, नायमध्येच १९८७ मध्ये राज्याने "बुलफ्रॉग काउंटी" नावाची काउंटी काढली होती, लोकसंख्या शून्य. शून्य हो! युक्का माउंटनला अणुकचरा पुरायचं घाटत होतं, त्याबदल्यात येणारा फेडरल पैसा थेट राज्याच्या हातात यावा म्हणून. वर्षभरात कोर्टाने घटनाबाह्य ठरवली, १९८९ मध्ये गुंडाळली. तेव्हा माणसं नसलेली काउंटी काढतात ते माणसांसाठी नसतंच, जमिनीतून येणाऱ्या पैशासाठी असतं.

हुच्च_भैरव

आजी, दंडवत. शून्य मतदारांत निवडणूक बिनविरोध.

कोरडवाहू

आजींनी माझा मुद्दाच मांडला. नेवाडात खाणीच्या निव्वळ उत्पन्नावर कर असतो, त्याचा काही वाटा जिथे खाण तिथल्या काउंटीला मिळतो. वेगळी काउंटी ठेवली तर तो वाटा सातशे लोकांच्या शाळांना, रस्त्यांना. विलीन झाली तर तो पाहरम्पच्या गटारांना. मी तिथला असतो तर मीही काउंटी सोडली नसती.

आणि सीमेचा वाद हा या काउंटीच्या रक्तातच आहे. १८६१ मध्ये नेवाडा टेरिटरीच्या (म्हणजे राज्य व्हायच्या आधीच्या नेवाडाच्या) पहिल्या नऊ काउंट्यांपैकी ही एक. तेव्हाचं मुख्य ठिकाण ऑरोरा, पण कॅलिफोर्निया म्हणत होतं ऑरोरा आमचं, तिथेही मोनो काउंटीचं मुख्य ठिकाण तेच! एकाच गावात दोन राज्यांची दोन काउंटी सरकारं. १८६३ च्या निवडणुकीत लोकांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन्ही राज्यांसाठी मतदान केलं. मग मोजणी झाली, गाव काही मैलांनी नेवाडात निघालं, मोनोवाले गाशा गुंडाळून ब्रिजपोर्टला गेले. नंतर ऑरोराच्या खाणी आटल्या, १८८३ मध्ये मुख्य ठिकाण हॉथॉर्नला, १९०७ मध्ये गोल्डफील्डला. १९११ मध्ये हॉथॉर्न, ऑरोरा सकट उत्तरेचा तुकडा तोडून मिनरल काउंटी केली. म्हणजे ज्या गावांच्या जिवावर काउंटी जन्मली ती गावं आता तिच्यात नाहीतच. ऑरोराच्या तर विटासुद्धा लोकांनी कॅलिफोर्नियात घरं बांधायला नेल्या.

बे_एरियातली_सून

किती रंगतदार आहे हे! पण आत्ता लोक तिथे राहतात कसे? शाळा, दवाखाना?

आजी_ऑनलाईन

शाळा आठवीपर्यंत, तिन्ही गावांत एकेक. काउंटीत हायस्कूल नाही. पोरं टोनोपाला जातात, शेजारच्या काउंटीत. डायरहून ते अंतर म्हणजे रोजचा लांबलचक प्रवास. टोनोपाला हॉस्पिटल होतं ते २०१५ मध्ये बंद पडलं, आता हॉस्पिटल म्हणजे हॉथॉर्न नाहीतर कॅलिफोर्नियातलं बिशप, टोनोपापासून दोन्हीकडे शंभर मैलांच्या वर. छातीत दुखायला लागलं तर हेलिकॉप्टर. म्हातारपणी तिथे राहायचं तर हिंमत पाहिजे, आणि तिथे म्हातारेच जास्त.

डायरला मात्र हिरवं दिसतं. विहिरींच्या पाण्यावर अल्फाल्फा, गोल फिरणारे स्प्रिंकलर. पाण्याची पातळी खाली चाललीय.

रानवाटा

अल्फाल्फा म्हणजे लसूणघास ना? वाळवंटात लसूणघास! आपल्याकडे दुष्काळी भागात ऊस लावतात त्यावर हेच लोक बोलतील.

खनिजबुवा

आता माझा आवडता विषय. सिल्व्हर पीक. तुमच्या फोनमधलं लिथियम तिथलं असेल नसेल माहीत नाही, पण अनेक दशकं अमेरिकेत लिथियमचं सलग उत्पादन देणारी जागा म्हणजे हे शंभरेक वस्तीचं गाव. क्लेटन व्हॅली आजूबाजूच्या खोऱ्यांपेक्षा खोलगट, त्यामुळे भूजल तिकडे झिरपत येतं, येताना ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून लिथियम विरघळवून आणतं, बाहेर पडायला वाट नाही. १९६६ पासून ते खारं पाणी बोअरने उपसून मोठमोठ्या तळ्यांत सोडतात, ऊन बाकीचं काम करतं. एका तळ्यातून दुसऱ्यात सरकवत नेतात, आधी साधं मीठ वगैरे खाली बसतं, वर्ष-दीड वर्षाहून जास्त काळाने जे दाट द्रावण उरतं त्यातून लिथियम कार्बोनेट. विमानातून ती तळी निळीहिरवी दिसतात. म्हणजे कोरडवाहूसाहेबांनी वर जो शाप म्हणून सांगितला, पाणी बाहेर जात नाही, पाऊस नाही, ऊन रणरणतं, तेच या धंद्याचं भांडवल.

पण नोकऱ्या किती? तळ्यांना माणसं फार लागत नाहीत. सोन्याच्या वेळी २० हजार लोक आले कारण दगड हाताने फोडायचा होता. आता पंप आहे.

त्याच भागात ऱ्हायोलाइट रिज म्हणून दुसरा लिथियम-बोरॉनचा प्रकल्प आहे. तिथे टीम्स बकव्हीट नावाचं एक छोटं पिवळ्या फुलांचं रोप आहे जे जगात फक्त तिथेच, सगळं मिळून दहाएक एकरांत. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये खाणीला फेडरल मंजुरी मिळाली. पर्यावरणवाले कोर्टात गेले.

हुच्च_भैरव

सातशे माणसांपेक्षा रोपाला वकील जास्त.

खनिजबुवा

@भैरव, हसण्यावारी नेऊ नका. बाहेरचा प्रत्येक जण या जागेला "तिथे कोण राहतंय" म्हणूनच बघतो. सोलरचंही तेच झालं, सात प्रकल्प मिळून ६ गिगावॉटच्या वरचा एस्मेराल्डा सेव्हन, त्याची एकत्रित पर्यावरण तपासणी ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनने रद्द केली. आणायचं तेही बाहेरून ठरतं, थांबवायचं तेही.

कोरडवाहू

हेच म्हणायचं होतं. ओसाड म्हणतो आपण, पण सव्वाशे वर्षं तिथून काही ना काही निघतच आहे. बाहेर जाणाऱ्या मालात खंड पडत नाही, माणसांच्या राहण्यात पडतो.

ब्लेअरची गोष्ट राहिली. १९०६ मध्ये एका मोठ्या कंपनीला सिल्व्हर पीकला मिल टाकायची होती. सटोडियांनी गावातल्या जमिनीचे भाव आधीच वाढवून ठेवले. कंपनीने काय केलं, तीनेक मैलांवर नवीन गावच वसवलं, ब्लेअर, रेल्वे तिथे नेली, दगड कुटायची शंभर मुसळांची मिल तिथे. १९१५ ला दगड संपला, मिल बंद, गाव संपलं. आता भिंतींचे अवशेष. सिल्व्हर पीक, ज्याला वगळलं, ते अजून आहे.

सांगलीकर_७१

आपल्याकडे एमआयडीसी येणार कळल्यावर जे होतं तेच की.

आजी_ऑनलाईन

निवडणुकीचं कोणी लिहिलं नाही. जून २०२२ ची प्रायमरी (पक्षांचे उमेदवार ठरवायची निवडणूक). गावातल्या काही लोकांना मशीनवर शंका, मग कमिशनर आणि कर्मचाऱ्यांनी हाताने मोजली. ३१७ मतं. सात तासांच्या वर लागले! राज्यात निकाल पक्का करणारी ही शेवटची काउंटी. आमच्या सोसायटीची निवडणूक याहून लवकर लागते.

रानवाटा

सात तासांत ३१७... प्रत्येक मतपत्रिकेशी गप्पा मारल्या असतील. बरं माझं विलीनीकरणाचं मत मी बदललेलं नाही, पण खाणीच्या कराचा मुद्दा मान्य. प्रश्न एवढाच की तो कर भरणारी खाण बंद पडली की काउंटी पगार कशातून देते?

कोरडवाहू

फेडरल जमिनीवर मालमत्ता कर लावता येत नाही म्हणून केंद्राकडून त्याबदल्यात थोडे पैसे येतात, राज्याचा हिस्सा येतो, आणि हो, यूएस ९५ वरचे दंड 😀 ते मात्र मनापासून वसूल होतात.

बे_एरियातली_सून

मेमोरियल डे ला डेथ व्हॅलीकडून टोनोपाला जायचं ठरतंय. गोल्डफील्डला काय बघावं? पोरं बरोबर आहेत, ८ आणि ११.

आजी_ऑनलाईन

कोर्टहाऊस चालू दिवशी असलं तर आत डोकावा, टिफनीचे दिवे अजून आहेत. मेमोरियल डे सोमवारी, म्हणजे बंद असेल, शुक्रवारी पोचलात तर बघा. गावाबाहेर जमिनीत उभ्या पुरलेल्या रंगवलेल्या गाड्या आहेत, पोरं खूष होतील. आणि कब्रस्तान. तिथे एका अनोळखी माणसाची कबर आहे, १४ जुलै १९०८, वर लिहिलंय की लायब्ररीतली खळ खाऊन मेला. पोरांना सांगायला बरं.

खनिजबुवा

पाणी भरपूर घ्या आणि पेट्रोल बीटी (Beatty) गावात नाहीतर टोनोपाला भरा, मध्ये भरवसा नाही. यूएस ६ ने कोलडेलकडून जाणार असाल तर मॅपवर जुना पंप दिसेल, तो कधीचाच बंद आहे.

बे_एरियातली_सून

खळ खाऊन?? का???

हुच्च_भैरव

पिठाची असायची, गोडसर. भूक लागली असेल.